व्हॉल्व्ह काढला तरी गाणं चालूच : हायब्रिड अॅम्प्लिफायरच्या किटमधली फसवणूक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातला कोणी व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी) आणि चिप एकत्र वापरून घरी छोटा हायब्रिड अॅम्प्लिफायर करायच्या विचारात असेल, तर किटचे पैसे पाठवण्याआधी हे वाचा. माझे साडेसहा हजार रुपये गेले. ज्या माणसाकडे गेले त्याची विक्री अजून चालू आहे, म्हणून लिहितोय.

मला हवं होतं ते असं : पुढच्या टप्प्यात ईसीसी ८२ हा दुहेरी ट्रायोड (एका काचेत दोन व्हॉल्व्ह) आणि मागे डाव्या-उजव्या दोन्ही चॅनेलना एकेक एलएम १८७५ चिप, स्पीकर चालवायला. नुसत्या व्हॉल्व्हवर स्पीकर चालवायचा तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो, तो जड आणि महाग. ते काम चिपकडे दिलं की सगळं जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत मावतं. एलएम १८७५ला अधिक-उणे २५ व्होल्ट दिले की ती २० वॅट देते. घरात नाट्यसंगीत, भजनं ऐकायला एवढं भरपूर झालं. अॅल्युमिनियमची पेटी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या मित्राने त्याच्या वर्कशॉपमध्ये करून दिली होती. राहिले होते फक्त सुटे भाग.

विकणारा एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर भेटला. दुकान महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरात, पण फोनवर बोलणं अगदी आपल्याकडचं. "मी पण निपाणीकडचाच की दादा. आपल्या माणसाला फसवून कुठं जाणार? काय काळजी करू नकासा." सीमाभागातल्या माणसाला असं बोलणं कानावर पडलं की बरं वाटतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं. व्हॉल्व्ह जर्मन टेलिफंकनचे, बंद पडलेल्या रेडिओच्या दुकानातला न वापरलेला माल, असं त्याने सांगितलं. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल केलं की १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी, कशाला उगाच?" पैसे यूपीआयने आधी घेतले.

पार्सलमध्ये व्हॉल्व्ह बसवलेला तयार बोर्ड होता, त्याचा वेगळा अडॅप्टर होता, सुट्या चिप होत्या आणि एक जादा व्हॉल्व्ह होता.

बोर्ड मी हेडफोनवर लावून पाहिला. बटण दाबल्याबरोबर व्हॉल्व्ह लखलखीत नारिंगी झाला आणि त्याच क्षणी गाणं सुरू झालं. शंका इथेच आली. व्हॉल्व्हचं फिलामेंट, म्हणजे आतली तापणारी तार, तापायला वेळ लागतो. आवाज यायला दहा-पंधरा सेकंद तरी जायला हवेत, आणि फिलामेंटचा उजेडही मंद असतो, दिवसा निरखून पाहिला तरच दिसतो. बोर्ड बंद केला, कपॅसिटर रिकामे होऊ दिले, व्हॉल्व्ह गार झाल्यावर सॉकेटमधून काढला आणि पुन्हा चालू केलं. गाणं तसंच चालू, आवाजात तसूभर फरक नाही. सॉकेटच्या मधल्या भोकात नारिंगी एलईडी जळत होता.

मग मल्टिमीटर घेऊन बसलो. ईसीसी ८२च्या १ आणि ६ नंबरच्या पिना म्हणजे प्लेट, वाढवलेला सिग्नल जिथून बाहेर पडतो ती जागा. तिथे काही ना काही व्होल्टेज असायलाच हवं, ते शून्य होतं. वीज पोहोचत होती फक्त ४ आणि ५ वर, म्हणजे फिलामेंटला. ग्रिडच्या पिना, जिथून सिग्नल व्हॉल्व्हमध्ये शिरतो, त्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. सिग्नल आत येऊन थेट आठ पायांच्या ४५५८ या साध्या ऑपअँपमध्ये (सिग्नल वाढवणाऱ्या छोट्या चिपमध्ये) जात होता आणि तिथूनच बाहेर पडत होता. व्हॉल्व्ह नुसता दाखवायला बसवलेला. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या माणसांनी बंगळुरूच्या बीईएल या सरकारी कंपनीचे व्हॉल्व्ह हाताळलेले आहेत. त्यांच्या हाती हा बोर्ड दिला असता तर त्यांनी क्षणात ओळखला असता. नव्याने शिकणाऱ्या पोराला मात्र हेच व्हॉल्व्हचं संगीत वाटणार, याचं मला जास्त वाईट वाटतं.

जादा व्हॉल्व्हचंही तेच. टेलिफंकनच्या स्वतःच्या कारखान्यातल्या ईसीसी ८२च्या तळाशी, पिनांच्या मधे, काचेतच हिऱ्याची आकृती उठवलेली असते. इथे तळ कोरा होता, आणि काचेवरचं नाव ओल्या बोटाने पुसलं गेलं.

चिपची फसवणूक याहून वाईट, कारण ती घर जाळू शकते. एलएम १८७५ आणि स्वस्तातली टीडीए २०३० या चिप दोन्ही पाच पायांच्या, पायांचा क्रमही सारखाच. पण एलएम १८७५ एकूण ६० व्होल्टपर्यंत सोसते, आणि साध्या टीडीए २०३०ची मर्यादा अधिक-उणे १८, म्हणजे एकूण ३६. मी १८-०-१८चा ट्रान्सफॉर्मर घेतला होता, त्यातून डीसी होतं अधिक-उणे २५च्या आसपास. पहिल्यांदा वीज मी नेहमी सिरीज लॅम्पमधूनच, म्हणजे मेनच्या वाटेत एक बल्ब जोडून देतो, म्हणून वाचलो. ६० वॅटचा बल्ब एकदम पूर्ण पेटला आणि चिपला चीर गेली. उरलेल्या चिपवर अॅसिटोन फिरवला तर अक्षरं गेली आणि खाली पॉलिश पेपरने घासल्याच्या रेषा दिसल्या. स्वस्तातली चिप घासून वर महागाचं नाव छापलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फोटो पाठवले तेव्हा उत्तर आलं, "तुम्हीच उलटं जोडलंसा." त्यानंतर नंबर ब्लॉक, आणि ग्रुपमधूनही मला काढलं.

इथे सगळे सांगत होते, तो महाराष्ट्रात, तू कर्नाटकात, नाद सोड. हे खरं नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि तक्रार ऑनलाइनही देता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५, ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०, आणि त्यावर फोन जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद, चॅट आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ जपून ठेवा. माझी तक्रार मी बेळगावातच दिली आहे.

ज्यांच्या घरी असं किट जोडून चालू आहे, त्यांनी आजच स्पीकर सोडवावा आणि अॅम्प्लिफायरवर स्पीकर जोडायची जी टोकं असतात त्यांच्यावर डीसी मोजावं. चांगल्या चिपवर ते काही मिलिव्होल्टच असतं. १०० मिलिव्होल्टच्या वर दिसलं तर स्पीकर परत जोडू नका. चिप आतून शॉर्ट झाली की पूर्ण डीसी स्पीकरच्या व्हॉइस कॉइलमधून (आतल्या तारेच्या वेटोळ्यातून) जातं आणि ती जळते. मेनच्या वायरीत फ्यूज आहे का आणि अर्थिंगची हिरवी वायर पेटीला घट्ट बसवली आहे का, तेही त्याच वेळी बघा. माझ्या किटमध्ये या दोन्ही गोष्टी दिलेल्याच नव्हत्या.