वृक्षरेषेखाली पुरायचं बटण : थर्मोक्रॉन डीएस१९२२एल

डोंगर चढताना जंगल संपतं, खुजी झुडपं लागतात, मग नुसतं गवत. जंगल संपतं ती रेघ, म्हणजे वृक्षरेषा, ही हवामानाची हद्द, असं शाळेपासून पाठ असतं, आणि बरेचदा ते खरंही असतं. पण वणवा, चराई आणि हिमलोटसुद्धा अशीच रेघ आखतात. लांबून सगळ्या सारख्याच दिसतात. खरी कुठली, हे तापमान मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी हे सुमारे १७ मिलिमीटर व्यासाचं, ६ मिलिमीटर जाडीचं पोलादी बटण. संवेदक, घड्याळ, मेमरी आणि बॅटरी, सगळं आतच. उपकरण चांगलं आहे. मात्र डबीतून काढून तसंच पुरलं तर वर्षाचं काम पाण्यात जाऊ शकतं, अगदी शब्दशः.

आधी मोजायचं काय ते पाहू. कॉर्नर आणि पाउल्सन या संशोधकांनी २००४ मध्ये ६८ अंश उत्तर ते ४२ अंश दक्षिण अक्षांशांमधल्या ४६ ठिकाणच्या वृक्षरेषांची मोजमापं मांडली. झाडाच्या सावलीत, जमिनीखाली १० सेंटिमीटरवर, वाढीच्या हंगामातलं सरासरी तापमान आलं ६.७ अंश सेल्सिअस, कमीजास्त ०.८. मातीचं तापमान ३.२ अंशांवर गेलं की हंगाम सुरू, खाली आलं की संपला. ‘सर्वांत उष्ण महिन्याची सरासरी १० अंश’ हा कोपेनच्या हवामान-वर्गीकरणातला वृक्षरेषेचा जुना निकष समशीतोष्ण पट्ट्यात बऱ्यापैकी चालतो. विषुववृत्ताजवळ मात्र वर्षभर हवा साधारण एकसारखीच असल्यामुळे तो फसतो. तिथे त्याहून थंड जागीही झाडं उभी असतात.

आता सेटिंग. मेमरीत ०.५ अंशाच्या टप्प्याच्या ८१९२ नोंदी मावतात किंवा ०.०६२५ अंशाच्या ४०९६. दुसरा पर्याय घ्या आणि दर ३ तासांनी नोंद ठेवा : दिवसाला ८, म्हणजे ५१२ दिवस. दहा सेंटिमीटर खाली तापमान सावकाश बदलतं, त्यामुळे तासातासाच्या नोंदीचा हव्यास नको. मेमरी भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिण्याची सोय बंद करायला विसरू नका. परत यायला उशीर झाला तर पहिला वसंतच पुसला जाईल.

सगळ्यात मोठी उणीव पाणी. कवचाचं मानांकन आयपी५६, म्हणजे शिंतोडे सोसेल, वितळत्या बर्फाखालचा चिखल नाही. द्रव रबराचे दोन थर द्या किंवा घट्ट झाकणाच्या कुपीत घाला. थरामुळे प्रतिसाद किंचित मंदावतो, मातीत त्यानं काही बिघडत नाही. रबर दिलं असेल तर वाचण्याआधी ते सोलावं लागतं, कारण वाचनयंत्राला उघडा धातूच टेकायला हवा. बॅटरी बदलता येत नाही. ती संपली की बटण टाकून द्यायचं.

अचूकता अर्धा अंश. ऐकायला छान, पण उंची वाढेल तसं दर १०० मीटरला साधारण ०.६ अंश घटतं, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक डोंगरावर ८० मीटरहून मोठी होते. म्हणून पुरण्याआधी सगळी बटणं बर्फाच्या लगद्यात तासभर ठेवून प्रत्येकाचा फरक लिहून ठेवा. जिथे हिम साचतं तिथे ही तपासणी फुकटात पुन्हा होते : हिम वितळताना ओली माती दिवसेंदिवस शून्यावर अडकून राहते. आलेखातली ती सपाट रेघ ०.४ वर दिसली तर तेवढी वजाबाकी करा.

जागा निवडण्यात सर्वाधिक चुका होतात. बटण गवतात पुरलं तर ऊन सरळ माती तापवतं आणि आकडा फुगतो. (वृक्षरेषेच्या वर झुडपं आणि गवत तगतात ते त्यामुळेच, ती जमिनीलगतच्या उबेत जगतात, उंच झाडाचा शेंडा मात्र वाऱ्याच्या तापमानावर.) शेवटच्या उभ्या झाडांच्या दाट सावलीत पुरा, एकाच उंचीवर निदान तीन. जीपीएसची ५-१० मीटरची चूक इथे परवडत नाही. खोडापासूनचं अंतर टेपनं मोजा, दिशा होकायंत्रानं घ्या, शोधायला धातुशोधक न्या. रंगीत दोरी बांधू नका, कुतूहल जनावरांनाही असतं.

समजा, हंगामी सरासरी ८.६ आली. ६.७ पेक्षा १.९ जास्त, म्हणजे जंगल सुमारे ३०० मीटर आणखी वर जाऊ शकलं असतं. मग ही कडा हवामानाची नव्हे. राखेचे थर, खुरांच्या वाटा, मोडलेली खोडं शोधायला लागा. सरासरी ६ ते ७.५ मध्ये असेल तर हद्द खरी मानायला हरकत नाही.

कोरड्या डोंगरांवर जंगलाची खालची कडा पाण्यानं ठरते, तिथे हे बटण काहीच सांगत नाही. कॅनरी बेटांपैकी टेनेरिफच्या उत्तर उतारावर ढगांच्या पट्ट्यातलं लॉरेल जंगल संपून वर पाइन सुरू होतात, तिथेही मुख्य हिशेब दमटपणाचा. त्याच घराण्यातलं डीएस१९२३ आर्द्रताही नोंदवतं, पण सतत धुक्यात राहिलं की त्याची आर्द्रतेची नोंद हळूहळू वर सरकते आणि ती दुरुस्ती आकडेमोडीत करावी लागते.