नरक्याच्या सालीचं ‘कॅन्सरवरचं चूर्ण’: फसवणूक नेमकी कशी होते

या व्यवहारात दाखवले जाणारे कागद बहुतेक खरे असतात, म्हणून चांगली शिकलेली माणसंही फसतात. विक्रेता मोबाइलवर शोधनिबंध उघडून दाखवतो. सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्पटोथेसिन हे कॅन्सरच्या पेशी मारणारं रसायन असतं, हे खरं. नंदुरबारला जन्मलेले डॉ. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी 1966 साली अमेरिकेत एका चिनी झाडातून ते वेगळं केलं, हेही खरं. एवढं पटलं की तपकिरी चूर्णाची पुडी पुढे येते. तीन महिन्यांचा कोर्स, पैसे आगाऊ, बिल नाही.

पुढचा इतिहास तो सांगत नाही. 1970च्या दशकात कॅम्पटोथेसिनचा सोडियम क्षार रुग्णांना देऊन पाहिला, तेव्हा तीव्र जुलाब झाले, लघवीतून रक्त गेलं, पांढऱ्या पेशी घसरल्या आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याच रेणूत बदल करून इरिनोटेकन आणि टोपोटेकन ही केमोची औषधं तयार झाली. अमेरिकेत त्यांना मान्यता मिळाली ती 1996 साली. म्हणजे ‘केमो सोडा, साल घ्या’ म्हणणारा माणूस सुधारलेलं औषध सोडून टाकून दिलेलं घ्यायला सांगत असतो.

हिशेबही करून पाहा. सुक्या सालीत हे रसायन हजारात एक-दोन भाग धरलं, तर पाच ग्रॅम चूर्णात 5 ते 10 मिलिग्रॅम. तेही झाडागणिक बदलतं, आणि पुडीत नरक्याच आहे की दुसरीच कुठली साल, हे नजरेला कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत एचपीएलसी ही रसायनं वेगळी करून मोजणारी तपासणी लागते. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे काढ्यात फारसं उतरत नाही. रक्तात गेलेल्यापैकी बरंचसं, रेणूतलं लॅक्टोन नावाचं वलय उघडून, निष्प्रभ होतं. उलट इरिनोटेकन तीन आठवड्यांतून एकदा देतात, तेव्हा शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 350 मिलिग्रॅम हा ठरलेला डोस असतो, आणि तोही आधी रक्त तपासून.

सगळ्यांत घातक वाक्य म्हणजे, “काका, दोन्ही एकत्र चालत नाही, केमो थांबवा.” त्या तीन महिन्यांत शस्त्रक्रियेने निघू शकणारी गाठ पसरू शकते. जुलाब लागले तर “उष्णता बाहेर पडतेय” म्हणतात. स्टेरॉइड मिसळलेलं असेल तर भूक वाढते, बरं वाटतं, आणि त्या भरवशावर दुसरा कोर्स विकला जातो. “इतक्यात स्कॅन काढू नका” असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावरही उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि घटकांची यादी लागते. कॅन्सर बरा करण्याची जाहिरात तर 1954च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हाच आहे, उत्पादकाकडे परवाना असला तरी.

चूर्ण पोटात गेलं असेल तर बंद करा आणि पुडीसकट कॅन्सरतज्ज्ञांकडे जा. लपवू नका, डॉक्टर रागावतील म्हणून तर मुळीच नाही: पुढच्या केमोआधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताची तपासणी त्यांना याच माहितीवर ठरवायची असते. उरलेलं चूर्ण फेकू नका; अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना ते लागेल. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, आणि चॅट व पावतीचे स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा.