इन्स्टंट गीझर की स्टोरेज? जुन्या वायरिंगच्या घरात काय बसवावं

दसरा झाला की बेळगावात पहाटेचा गारठा जाणवायला लागतो आणि घरोघरी गीझरचं बोलणं सुरू होतं. यंदा खानापूरच्या माझ्या मेव्हण्यानं विचारलंय, जुन्या घरातली न्हाणी नवीन करून घेतोय, दाजी इन्स्टंट घेऊ का स्टोरेज? इन्स्टंट म्हणजे वाहतं पाणी तापवणारा, स्टोरेज म्हणजे टाकीभर पाणी तापवून ठेवणारा. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितोय. दोन्ही मी स्वतः वापरलेत, आधी ३ लिटरचा इन्स्टंट अडीच वर्षं, आणि आता १५ लिटरचा स्टोरेज, त्याला पाचवं वर्ष चालू आहे.

गॅस आणि सोलरचं आधी थोडक्यात. गॅस गीझर बंद न्हाणीच्या आत बसवू नका, खिडकी आहे म्हणून चालतंय असं कुणी सांगितलं तरी नको, जळताना जो कार्बन मोनॉक्साइड होतो त्याला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत गुंगी येते. बाहेरच्या भिंतीला बसवून आत फक्त पाइप आणता येत असेल तर गोष्ट वेगळी, आमच्या न्हाणीला बाहेरची भिंतच नाही. सोलर छान, पण जून ते सप्टेंबर आमच्याकडं ऊन दिसत नाही, खानापूरकडं तर पाऊस आमच्यापेक्षा जास्त, म्हणजे त्या चार महिन्यांसाठी विजेचं काहीतरी लागणारच आणि प्रश्न परत तिथंच येतो.

इन्स्टंटचं चांगलं ते आधी सांगतो. स्वस्त असतो, भिंतीवर भार नाही, बटण दाबलं की लगेच पाणी, आणि पाणी संपलं असं कधी होत नाही. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी तर मी आजही इन्स्टंटच घेईन. घर नवीन असेल, व्होल्टेज चांगला असेल, एकट्यादुकट्याची आंघोळ असेल तर त्याला नावं ठेवायला जागा नाही.

पण आमचं घर वडगावात, आजोबांच्या वेळचं. मागची बाजू अजून मातीच्या भिंतींची, वायरिंग लाकडी पट्टीवरची. सकाळी सहा-साडेसहाला गल्लीतले माग चालू होतात, आजूबाजूच्या बोअरच्या मोटारी लागतात, तेव्हा सोप्यातल्या बल्बचा उजेड जरासा मंदावतो. तो मंदावला की मला कळायचं, आता पाणी कोमट येणार. मग नळ बारीक करायचा, आणखी बारीक करायचा, करंगळीएवढी धार झाली की ती हाताला गरम लागायची. त्या धारेनं बादली भरायला बारा-तेरा मिनिटं जायची आणि वरून गरम पडेपर्यंत आधीचं पाणी निवलेलं असायचं. आई सत्तरीच्या पुढची, ती न्हाणीच्या उंबऱ्याशी पाटावर शाल गुंडाळून बसायची, मधूनमधून बादलीत बोटं बुडवून बघायची आणि म्हणायची, "अजून नाही रे तापलं." दोन हिवाळे हे रोज ऐकलं. माझ्यापुरता निर्णय त्या बादलीनंच केला, बाकीचे मुद्दे नंतर आले.

असं का होतं ते वायरमन मामांनी समजावलं तेव्हा डोक्यात बसलं. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणं (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) पडते. २३० व्होल्टला जो ३ किलोवॅटचा आहे तो १९० ला जेमतेम २ किलोवॅटचा उरतो, आणि आमच्याकडं त्या वेळेला मीटर लावल्यावर १९० च दिसलं. इन्स्टंटला पाणी वाहतावाहताच तापवायचं असतं, त्यामुळं ताकद कमी झाली की ते थेट हाताला कळतं. स्टोरेजला पण तोच पडलेला करंट मिळतो, पण त्याच्याकडं वेळ असतो. २ किलोवॅटच्या १५ लिटरच्या टाकीला एरवी वीस-बावीस मिनिटं लागत असतील तर त्या दिवशी अर्धा तास लागेल, पण अर्ध्या तासानं मिळणारं पाणी तेवढंच कडक असतं, नळ पूर्ण सोडा नाहीतर अर्धा. बादलीनं आंघोळ करणाऱ्या घराला हा फरक फार मोठा आहे, शॉवरखाली उभं राहणाऱ्याला कदाचित तेवढा वाटणार नाही.

आता खरं सांगायचं तर सगळा दोष इन्स्टंटचा नव्हता, आमच्या वायरिंगचाही होता. एकदा न्हाणीजवळ जळकट वास आला म्हणून प्लग ओढून काढला तर पिनांच्या मुळाशी प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलं होतं आणि सॉकेटचं एक भोक काळं पडलं होतं. ३ किलोवॅट म्हणजे १३ अँपिअर, रोज तासभर. सॉकेटची पकड जरा ढिली झाली की तिथंच गरम होणार. मामांनी पट्टी उचकटली तर आत बारीक अॅल्युमिनियमची वायर, तीही फ्रिजच्या लाइनला जोड देऊन पुढं नेलेली, आणि जोडावरची चिकटपट्टी कडक होऊन तडकलेली. आम्ही त्याच आठवड्यात बोर्डापासून न्हाणीपर्यंत ४ चौरस एमएमची तांब्याची वेगळी लाइन ओढून घेतली. त्यानं पाणी थोडं सुधारलं, पण बाहेरूनच करंट कमी येत असेल तर घरातली वायर कितीही जाड करा, बादली निवायची ती निवतेच.

म्हणून गीझर कुठलाही घ्या, आधी लाइन बघा. स्टोरेजच्या २ किलोवॅटला साधारण २.५ चौरस एमएम तांब्याची वायर पुरते, इन्स्टंटच्या ३ ला मी तरी ४ च घालेन, विशेषतः बोर्ड लांब असेल तर. लाइन मेन बोर्डापासून सरळ, मध्ये जोड नाही, तिच्यावर दुसरं काही नाही, आणि तिला स्वतःचा एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच. प्लग-सॉकेटच्या ऐवजी न्हाणीबाहेर डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) लावून वायर थेट जोडली तर ती जळकी पिनांची भानगडच राहत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर गीझरच्या आधी तो घ्या, पैसे कमी पडत असतील तर गीझर एक महिना पुढं ढकला पण हे करा. आणि तो सारखा पडायला लागला तर त्याला बायपास करू नका, बऱ्याचदा कॉइल फुटून करंट पाण्यात उतरत असतो म्हणून तो पडतो. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर त्या दिवशी आंघोळ चुलीवरच्या पाण्यानं करा आणि आधी अर्थिंग बघून घ्या, जुन्या घरात बऱ्याचदा अर्थिंगची वायर तीन पिनेपर्यंत आलेली असते पण पुढं जमिनीत कुठंच गेलेली नसते.

बिलाचं म्हणाल तर इन्स्टंटला युनिट कमी लागतात हा समज पक्का आहे, मलाही होता. तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं तर वीज जवळपास तेवढीच लागते. १५ लिटरची टाकी एकदा तापवायला पाऊण युनिटच्या आत. स्टोरेजची जास्तीची वीज जाते ती टाकी दिवसभर चालू ठेवली तर, त्यावरचे स्टारसुद्धा उभ्या टाकीतून किती उष्णता निघून जाते त्यावरच दिलेले असतात. आम्ही सकाळी लावतो, आंघोळी झाल्या की बंद, दिवसाला दोनदा धरलं तरी महिन्याला ४०-४५ युनिट. २०२३ पासून गृहज्योतीत, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेत असलेल्या घरांनी हे जरूर मोजावं, कारण महिन्याला २०० च्या वर गेलं की सगळंच बिल भरावं लागतं. बिलावरचा मंजूर लोडही एकदा बघून घ्या, जुन्या मीटरला तो फार कमी असतो आणि वरून ३ किलोवॅटचा गीझर लावला तर वाढवून घ्यावा लागतो.

स्टोरेजचा त्रास नाही असं नाही. आधी आठवणीनं लावावा लागतो. १५ लिटर कडक पाण्यात गार मिसळून दीड बादली होते, म्हणजे दोन आंघोळींच्या मध्ये थांबावं लागतं. नरक चतुर्दशीला पहाटे चौघांना एकामागून एक तेल-उटणं लावून बसवलं की हे जाणवतं, त्या एका दिवशी आम्ही मागच्या अंगणात बंब पेटवतो आणि आईला तेच आवडतं. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर पांढरा थर धरतो, दीड-दोन वर्षांनी मेकॅनिककडून टाकी उघडून साफ करून घ्या आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड झिजला असेल तर बदला, त्याला दोन-तीनशे रुपये जास्त गेले तरी टाकी गंजण्यापासून वाचते. व्हॉल्व्हमधून तापताना चार थेंब गळाले तर घाबरू नका, तो जादा दाब सोडायलाच असतो.

आणि भिंत. भरलेली टाकी पंचवीस किलोच्या आसपास जाते. चिऱ्याच्या भिंतीत अँकर बरा धरतो, पण सांध्यात सिमेंट नसून माती असेल तर चिराच हलतो. मातीच्या भिंतीत तर नावच काढू नका. आम्ही लोखंडी अँगलचा स्टँड करून तो जमिनीवर उभा केला, भिंतीला फक्त आधारापुरता बांधला.

मेव्हण्याला मी घे म्हणून सांगितलं नाही, तुझं घर तू बघ एवढंच म्हणालो. पण काल त्यानं न्हाणीच्या भिंतीचा फोटो पाठवला, गिलावा निघालेल्या जागी सांध्यातून लाल माती दिसत होती. त्याला अँगलचं माप पाठवलंय, आणि १५ लिटरच्या टाकीखाली बादली ठेवायला जागा राहील एवढी उंची धर म्हणून सांगितलंय.