ओटा फोडू दिला आणि २,८४,५०० रुपये गेले

आधी आकडे, स्वयंपाकघराचं काम घेतलेल्या कंत्राटदाराला दिलेल्या पैशांचे. ३० मार्च २०२५, पाडवा, टोकन ११,०००. १२ एप्रिल, ‘मटेरियल’चे १,२५,०००. ५ मे, ओटा फोडायला माणसं दारात उभी असताना ६०,०००. २४ मे, ७०,०००. २८ मे, ‘साइट डिफरन्स’, म्हणजे जागेवर निघालेला जास्तीचा खर्च, या नावाखाली १८,५००. एकूण २,८४,५००. ३१ मेपासून त्याचा फोन बंद. गणपती येऊन गेले, दिवाळी झाली, एक रुपया परत आलेला नाही.

किचन ट्रॉलीच्या कामात फसवणूक कशी होते हे सगळ्यांना साधारण माहीत असतं. मलाही होतं. म्हणूनच तीन कोटेशनं घेतली होती, सगळ्यात स्वस्त सोडून मधलं निवडलं होतं, ‘७१० मरीन प्लाय’ (पाण्यात टिकणारा प्लायवूड) हे शब्द कागदावर लिहून घेतले होते. नातेवाइकांनी नंतर ‘चौकशी करायची होती’ असं ऐकवलं, त्यांना हेच सांगितलं. चौकशी केली होती. कंत्राटदाराने आधी केलेली दोन घरं जाऊन पाहिली, दोन्हीकडे काम चांगलं होतं. ती घरं दाखवण्यासाठीच चांगली केलेली असतात, हे तेव्हा कोणी बोललं नाही.

कोटेशन असं होतं. खालच्या ट्रॉल्या १६ रनिंग फूट, दर ८,५००, म्हणजे १,३६,०००. वरची कपाटं १० फूट, दर ५,२००, म्हणजे ५२,०००. ग्रॅनाइट ३२ चौरस फूट, दर ४५०, म्हणजे १४,४००. तोडफोड, टाइल्स आणि प्लंबिंग मिळून ४८,०००. बास्केट आणि चॅनलचं (ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांचं) पॅकेज ३८,०००. बेरीज २,८८,४००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५१,९१२.

यात पहिली चोरी कोपऱ्यातच आहे. आमचा ओटा एल आकाराचा, एक भिंत १० फूट, दुसरी ६. त्याने सरळ १० अधिक ६ केले. कोपऱ्यातला दोन बाय दोनचा चौकोन दोन्ही भिंतींत मोजला गेला. माप १४ फूट यायला हवं होतं. दोन फुटांचे १७,००० तिथेच गेले आणि ग्रॅनाइटही २८ ऐवजी ३२ चौरस फूट झालं. एल किंवा यू आकाराच्या ओट्याला कोपरा एकदाच मोजला आहे ना, हे कागदावर रेघा मारून तपासा. आणि रनिंग फुटाचा दर मान्य करण्याआधी त्यात काय काय येतं ते विचारा. मागची फळी ६ मिमीची की ९ची? चॅनल किती किलो वजन पेलणारं? बिजागरी सॉफ्ट क्लोज आहे का? पाय आणि स्कर्टिंग धरलंय का? ‘पॅकेज’ या शब्दाखाली हे सगळं गाडलं जातं.

खरा सापळा मात्र तोडफोडीचा. ओटा फुटला की तुम्ही त्याच्या हातात. पाणी बंद, सिंक नाही, गॅस हॉलमध्ये. आमची इमारत १९९८ची. कडप्प्याच्या उभ्या फरश्या भिंतीत रुतवलेल्या, त्या उखडताना भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप सांध्यात हलला आणि गळायला लागला. गंजलेल्या पाइपाचं हे होणारच असतं, प्रत्येक मिस्त्रीला ते ठाऊक असतं, आणि त्याचंच नंतर ‘साइट डिफरन्स’ होतं. त्याचं वाक्य ठरलेलं होतं, “ताई, ओटा फोडल्याशिवाय पक्कं माप कसं घेणार?” यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. टाइल आणि खालचा मसाला मिळून भिंत इंचभर पुढे येते, त्यामुळे शेवटचं माप टाइल्सनंतरच घेतात. पण शीट, चॅनल, बिजागऱ्या, बास्केट हा माल आणायला मापाची गरज नसते. इंच-दोन इंचाचा फरक फिलर पट्टीत बसतो. १,२५,००० मटेरियलसाठी दिले होते ना, मग ५ मेच्या सकाळी घरात एक शीट तरी हवी होती. नव्हती. उलट हातोडेवाले दारात उभे करून त्याने आणखी ६०,००० मागितले. माल समोर दिसल्याशिवाय ओट्याला हात लावू देऊ नका. माणसं परत पाठवायला लाज वाटली तरी पाठवा.

आता २४ मे. ही तारीख मी विसरणार नाही.

सकाळी अकरा वाजता प्लंबर सिंकखालच्या कपाटाला मागून ड्रेनेजच्या पाइपासाठी होल मारत होता. कपाटांचे सगळे बॉक्स पांढऱ्या प्रीलॅमचे (आधीच लॅमिनेट चिकटवलेल्या बोर्डाचे), चारही कडांना पट्टी लावून कारखान्यातूनच आलेले. आतलं काय ते कुठूनच दिसत नव्हतं. प्लायला होल सॉ मारला की गोल चकती निघते आणि तिच्या कडेला एकावर एक चिकटवलेले थर स्पष्ट दिसतात. इथे चकती निघाली ती बोटात धरताच कुसकरली. जमिनीवर जाड, तपकिरी भुसा. तो पार्टिकल बोर्ड होता, म्हणजे भुसा दाबून केलेली फळी. मी विचारलं, “हे असं का?” उत्तर आलं, “मशीनने कापलं की असंच होतं, ताई.” आणि तो भुसा मी स्वतः केरसुणीने सुपलीत भरून टाकला. डोळ्यांसमोर, हातात पुरावा होता, तो केरात गेला. त्याच दिवशी चार वाजता ७०,००० यूपीआयने पाठवले.

का पाठवले? एकोणीस दिवस घरात स्वयंपाकघर नव्हतं. पैसे अडवले असते तर त्याने काम अर्ध्यावर सोडलं असतं, अशी भीती होती. पैसे देऊनही त्याने तेच केलं.

ज्यांच्याकडे काम चालू आहे त्यांनी आजच एक करा. कुठल्याही दाराची बिजागरी दोन स्क्रू काढून सोडवा. ३५ मिमीची वाटी जिथे बसते त्या खड्ड्यात टॉर्च मारा. थर दिसले तर प्लाय, रवाळ दाणे दिसले तर पार्टिकल बोर्ड, एकजीव मऊ लगदा दिसला तर एमडीएफ. वजनावर जाऊ नका, पार्टिकल बोर्डही जडच असतो. बादलीत बुडवून दाखवलेला चार इंची तुकडा हा फक्त त्या तुकड्याचा पुरावा. मरीन प्लायच्या अख्ख्या शीटवर आयएसआय चिन्ह, आयएस ७१० आणि सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते कळतं. कापल्यावर शिक्का राहत नाही, म्हणून शीट कापण्याआधी बघायची, शिक्क्यासकट फोटो काढायचा. आमच्या भागात चौकशी केली तेव्हा १८ मिमी मरीन ११५ रुपये फूट होतं, म्हणजे आठ बाय चारची शीट ३,६८०. प्रीलॅम पार्टिकल बोर्ड ४८ रुपये, शीट १,५३६. एका शीटमागे २,१४४ रुपयांची चोरी.

पार्टिकल बोर्ड बेडरूमच्या कपाटाला चालतो. सिंकखाली नाही. पाइपासाठी मारलेल्या होलची कड उघडी राहते, तिथून पाणी आत शिरतं, भुसा फुगतो, लॅमिनेट उचकटतं, स्क्रूची पकड जाते आणि दार लटकतं. आमच्याकडे जुलैच्या अखेरीस सिंकखालची फळी फुगली होती.

बास्केटही कोटेशनमध्ये ३०४ ग्रेडच्या, म्हणजे सहज न गंजणाऱ्या, स्टीलच्या होत्या. लोहचुंबक चिकटत नाही म्हणून मी निश्चिंत राहिले. २०२ या हलक्या ग्रेडच्या स्टीललाही तो चिकटत नाही! ग्रेड तपासायचं द्रावण स्टीलच्या दुकानात असतं, थेंब टाकून रंगावरून फरक कळतो. काळ्या ग्रॅनाइटवर पांढरं फडकं ॲसिटोनमध्ये भिजवून घासा, काळं उतरलं तर दगड रंगवलेला आहे.

जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकला, पण जूनमध्ये. नोंदणी आधीच रद्द झालेली होती. पंधरा अक्षरांचा नंबर, २७ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा, दिसायला अगदी बरोबर. पहिलं टोकन देण्याआधी एक मिनिट लागलं असतं. उद्यमचं (लघुउद्योग नोंदणीचं) प्रमाणपत्र दाखवलं तर त्यावरही विसंबू नका, ती नोंदणी माणूस स्वतःच्या सांगण्यावर करतो.

आता तक्रारीचं. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेले. पहिल्या दिवशी ठाणे अंमलदारांनी कागद न वाचताच सांगितलं, “हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.” दुसऱ्या वेळी म्हणाले, “अर्धं काम केलंय ना त्याने? मग फसवणूक कुठे?” मरीन प्लायचे पैसे घेऊन भुशाचा बोर्ड लावणं, रद्द नंबरवर कर आकारणं, ही फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तिसऱ्या वेळी अर्ज घेतला, चौकशीवर ठेवला, पोच मागितली तेव्हा शिक्क्यासाठी पाऊण तास बसवलं. त्यानंतर एकही फोन नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं. पण त्याच निकालात व्यावसायिक व्यवहारांसाठी प्राथमिक चौकशीची मुभा आहे, आणि तुमचा अर्ज त्या मुभेखाली वर्षभर दाबून ठेवला जातो. कर कार्यालयात ऐकवलं गेलं की ते सरकारचा महसूल बघतात, माझे ५१,९१२ नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदली, ‘कंपनीकडून प्रतिसाद नाही’ म्हणून बंद केली. प्रतिसाद देत नाही हीच तर तक्रार होती! प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, “लेखी करार होता का?” कोटेशन होतं, सही होती, यूपीआयच्या नोंदी होत्या. आणखी काय आणायचं?

एफआयआर नाकारला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला अर्ज पोस्टाने पाठवा, नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. पोस्टाची पावती जपून ठेवा.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, राहत्या जिल्ह्यात दाखल करता येते, मुदत दोन वर्षं. कायद्यात निकालासाठी तीन महिने लिहिले आहेत, मालाची तपासणी लागली तर पाच. पण त्याआधी समोरच्यापर्यंत नोटीस पोचावी लागते. माझी नोटीस परत आली, कोटेशनवरच्या पत्त्यावर आता भलतंच दुकान आहे. म्हणून टोकन देतानाच पॅन, राहता पत्ता आणि ज्या नावाने बिल त्याच नावाचं बँक खातं घ्या. माझे ७०,००० आणि १८,५०० त्याच्या मेहुण्याच्या खात्यावर गेले. तेही मी तेव्हा पाहिलं होतं.

दुसऱ्या सुताराच्या मते बसवलेल्या मालाची आणि मजुरीची किंमत ९०,०००च्या वर नाही. उरलेलं आणि फुगलेलं मिळून १,६२,००० वेगळे लागले. या वेळी शीट आधी घरात आल्या, प्रत्येक टप्प्याचे पैसे तो टप्पा बघून दिले, टाइल्स लावायच्या आधी पाइपात रात्रभर दाब ठेवून तपासलं. जुन्या फळ्या काढताना सिंकखालच्या कपाटाचा हातभर तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, वर तारीख आणि दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन ठेवला आहे. आयोगाने नमुना प्रयोगशाळेकडे पाठवायचा म्हटलं तर तोच द्यायचा आहे.