गडद मातकट भिंती: पावसाळा काढल्यावर काय वाटतं

गेल्या दिवाळीआधी हॉलला जांभ्या दगडाकडे झुकणारा तांबूस तपकिरी रंग दिला आणि झोपायच्या खोलीला शेवाळी छटेचा करडा. मधे उन्हाळा, पावसाळा दोन्ही होऊन गेले, म्हणून आता लिहितोय.

‘खोली अंधारी होईल’ हे सगळ्यांनी बजावलं होतं. त्यात तथ्य आहे, पण खिडकीवर अवलंबून. पांढरी भिंत पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या वर उजेड परत फेकते, गडद तपकिरी जेमतेम १० टक्क्यांच्या आसपास. शेडच्या माहितीत हा आकडा एलआरव्ही म्हणून दिलेला असतो, तो बघाच. आमचा हॉल पश्चिमेचा. उन्हं कलली की भिंत अशी काही उजळते की पाहुणे हमखास शेडचं नाव विचारतात. झोपायच्या खोलीची खिडकी मात्र शेजारच्या इमारतीकडे उघडते. तिथे भर दुपारी दिवा लागतो. बायकोला ती गुहा आवडते, मला अजून नाही.

जुन्या ६५०० केल्विनच्या, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या ट्यूबखाली तो करडा अगदी मरगळलेला, निळसर दिसायचा. ३००० केल्विनचे, पिवळसर उजेडाचे दिवे लावले आणि रंगात जीव आला. शेड ठरवताना नमुन्याचा पट्टा रात्री, घरातल्याच दिव्याखाली बघावा.

रंगाऱ्याशी आधीच बोलून घ्या. गडद शेडच्या बेसमध्ये (ज्यात रंगछटा मिसळतात तो मूळ रंग) टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे खालचं झाकणारं पांढरं रंगद्रव्य, कमी असतं, त्यामुळे पांढऱ्या लांबीवर दोन हातांत झाकण येत नाही. खाली करड्या छटेचा प्रायमर मारला तर बराच फरक पडतो. तरी तिसरा हात हिशेबात धराच, नाहीतर शेवटी त्यावरून वाद ठरलेला.

माझी खरी तक्रार रंगाबद्दल नाही, मॅट फिनिशबद्दल आहे. दिसायला मखमली, पण स्विचबोर्डाभोवती जिथे रोज हात लागतो तिथे भिंत चकाकायला लागलीय. ओल्या फडक्याने घासलं की चकाकी वाढतेच. एक खिळा काढून भोक बुजवलं, डब्यात उरलेलाच रंग लावला, तरी तिरप्या उजेडात तो ठिपका डोळ्यांत भरतो. डागडुजी करायची तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत रंगवावी लागते. मुलं असतील त्या घरात हलकी चमक असलेलं, धुता येणारं फिनिशच घ्यावं.

पावसाळ्यात बाथरूमलगतच्या भिंतीवर पांढरी भुकटी फुटली. ओलीबरोबर प्लास्टरमधले क्षार वर येतात, ते पांढऱ्या भिंतीवर सहसा लक्षात येत नाहीत; इथे लगेच दिसले आणि गळती वेळेत सापडली. असे क्षार कोरड्या ब्रशने झाडावेत. पाण्याने पुसले तर विरघळून परत भिंतीत मुरतात. जळमटंही अशीच उठून दिसतात. उलट डास भिंतीवर बसला की गायब! रॅकेट घेऊन नुसतं उभं राहायचं.

रंग उडालाय का म्हणाल, तर नाही. अशा मातकट छटांमध्ये बहुधा लोहाची ऑक्साइडं असतात, गेरूत असतात तीच, आणि ती उन्हाला दाद देत नाहीत. हॉलमधली फ्रेम काढून बघितली, मागची भिंत आणि बाजूची भिंत सारखीच.

भाड्याच्या घरात मात्र या फंदात पडू नका. सोडताना पुन्हा पांढरं करायला प्रायमर आणि वर दोन-तीन हात लागतात, आणि तो खर्च डिपॉझिटमधूनच वळता होतो.