सशाला ‘लस’ म्हणून नक्की काय टोचतात?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या या जनावरांच्या छोट्या दवाखान्यात सशासाठी फोन केला की आधी उलटा प्रश्न येतो: लस पाहिजे की खरजेचं इंजेक्शन? सशाला टोचलेल्या कशालाही लोक सर्रास लसच म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न फार कामाचा आहे. ब्रिटन-युरोपात मिक्सोमॅटोसिस आणि रक्तस्रावी रोग या सशांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगांची लस सशाला वर्षातून एकदा देतात. इथे ती मागितली तर ‘आमच्याकडे नाही’ असं सरळ सांगतात, कुत्र्याची लस अर्धी करून टोचत नाहीत. निम्मे गुण त्यातच मिळाले.

बाकीचे गुण सिरिंजला. कानातल्या आणि अंगावरच्या खरजेवर आयव्हरमेक्टिन हे खरजेचे किडे मारणारं औषध टोचतात. 1 टक्क्याच्या बाटलीत मिलीला 10 मिलिग्रॅम औषध असतं. किलोला 0.4 मिलिग्रॅम धरलं तर दीड किलोच्या सशाला 0.06 मिली पुरतं, जेमतेम थेंबभर. 2 मिलीच्या सिरिंजवर एवढी बारीक खूणच नसते, मग अंदाजपंचे डोस दुप्पट-तिप्पट जातो. इथे आधी काट्यावर वजन, मग 1 मिलीचे 100 युनिट पाडलेली इन्सुलिन सिरिंज, सहा युनिटला थांबायचं. औषध किड्यांच्या अंड्यांवर चालत नाही म्हणून 10 ते 14 दिवसांनी परत बोलावतात. बरा दिसतोय म्हणून ही फेरी चुकवली की खरूज पुन्हा येते.

धरण्याची पद्धतही चांगली. टॉवेलात गुंडाळून मागचे पाय खालून आधार देऊन धरतात. ससा जोरात लाथ झाडतो आणि तेवढ्यानं त्याचा कणा मोडू शकतो. सुई खांद्याजवळ सैल कातडीखाली. नंतर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण जोराची ॲलर्जी आली तर बहुतेक वेळा याच वेळात कळते: धाप, तोंडाला सूज, अंग टाकणं.

घरी गेल्यावर टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ किंवा दिवसभर मरगळ आली तर घाबरायचं कारण नाही. गाठ चोळू नका. वाढली, गरम लागली तर दाखवा. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, आपोआप वाहून जात नाही. खरी नजर ट्रेवर ठेवायची. लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या किंवा 10-12 तास हरळीला तोंड लावलं नाही तर रात्र काढू नका, आतडं थंडावलेलं असतं. ससा उलटी करत नाही, त्यामुळे इंजेक्शनआधी उपाशी ठेवायचीही गरज नाही. घरातली पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन आपल्या मनानं देऊ नका. उरलेलं अमॉक्सिसिलिन तर पाजायचंच नाही, पोटातले चांगले जंतू मरून ससा दगावतो.

तक्रारी दोन. बाकडं एकच, शेजारी भुंकणारा लॅब्राडोर. भेदरलेला ससा त्या धसक्यानंच खाणं सोडतो, मग दोष इंजेक्शनवर. आणि चिठ्ठीवर नुसतं ‘इंजे. दिले’. औषधाचं नाव, मिली आणि तारीख मागून लिहून घ्या, बाटलीचा फोटो काढा.

एप्रिल-मेमध्ये सकाळी पहिला नंबर लावा. भाजीच्या क्रेटमध्ये खाली गोणपाट, वर ओलं फडकं, सोबत मूठभर हरळी. दुपारी दुचाकीवर बंद खोक्यातून आणलेला ससा उन्हानंच आडवा होतो.