नऊ महिने, चार चेन आणि एक मगर

गेल्या पावसाच्या शेवटी आमच्या गोव्यातल्या कुळागरातला (माड-पोफळीच्या बागेतला) जुना आंबा मुळासकट आडवा झाला. कापायला आलेल्या माणसाने दोन तासांत त्याचे ओंडके पाडले, चहा घेतला, पैसे घेतले आणि गेला. मी त्या दोन तासांत फोंड्याचं दुकान उघडायचंच विसरले. माझं औषधांचं दुकान आहे, आणि लाकडाशी तोवरचा संबंध म्हणजे पोळपाट. पण त्या आठवड्यात रात्र रात्र चेनसॉने, म्हणजे फिरत्या चेनच्या करवतीने, लाकडात अस्वलं कोरणाऱ्या अमेरिकी लोकांचे व्हिडिओ बघितले आणि ऑक्टोबरात मशीन घरी आलं. आता जुलै चाललाय. "घेऊ का गं?" असं विचारणारे दर आठवड्याला एक तरी भेटतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मशीन पेट्रोलवरचं, 32 सीसीचं. पट्टी (चेन जिच्या कडेने फिरते ती) आणि चेन सोडून वजन चार किलोच्या आसपास, सोबत 16 इंची पट्टी. कंपनीचं नाव देत नाही, कारण या आकाराची मशीनं बहुतेक एकाच माळेचे मणी. गार असताना दोरी ओढून खांदा दुखतो, गरम झालं की पहिल्या हिसक्याला सुरू होतं. जमिनीवर ठेवायचं, मागच्या मुठीत बुटाचं टोक घालून दाबायचं आणि मग दोरी ओढायची. हवेत लटकत ठेवून ओढणारे व्हिडिओत दिसतात, त्यांचं बघू नका. एक तक्रार आहे: फळीवर ठेवलं की रात्रभर चेनचं तेल ठिबकतं. खाली जुनं वर्तमानपत्र कायमचं अंथरलंय.

इंधन मात्र माझ्या हातचा मळ. लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, म्हणजे 50 ला 1. दुकानातली 20 मिलीची सिरिंज घेतली, एकदा ओढली, झालं. (साधं ऑइल असेल तर प्रमाण वाढतं, डब्यावरचं वाचा.) पण मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने ठेवू नका. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्या हवेत पाण्याला काय तोटा! एकदा टाकीत तसंच राहू दिलं आणि कार्ब्युरेटर साफ करायला मशीन आठवडाभर दुकानात पडून राहिलं. आता काम झालं की टाकी रिकामी, आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं.

पहिला फटका बसला तो कोरण्याच्या पट्टीचा. साध्या पट्टीचं नाक रुंद असतं. त्याने झाड पडतं, पण डोळा कोरता येत नाही. कोरायची पट्टी टोकाकडे निमुळती होत जाते. सगळ्यात बारीक टोकाला 'डाइम टिप' म्हणतात. डाइम म्हणजे अमेरिकेचं दहा सेंटचं नाणं, 18 मिमीच्या आसपास, आपल्या रुपयाहूनही लहान. मी 12 इंची पट्टी मागवली, बाहेरून आली, मशीनच्या निम्म्या किमतीला पडली. बसवायला गेले तर चेन चाकावर बसेचना. दुकानदार म्हणाला, पट्टी खराब. पट्टी ठणठणीत होती, अक्कल कमी होती. दुकानदाराची आणि माझीही. पट्टी, चेन आणि आतलं दातेरी चाक, तिघांचा पिच एकच लागतो. तीन लागोपाठ रिव्हेटमधलं अंतर मोजायचं, त्याचं निम्मं म्हणजे पिच. माझ्या मशीनची चेन 3/8 इंचाची, डाइम टिपला लागते 1/4 इंचाची. म्हणजे चाकही बदलायचं. शिवाय पट्टीच्या खोबणीची जाडी जुळायला हवी आणि कड्यांची संख्याही. हे सगळं ऑर्डर देण्याआधी कागदावर लिहून घ्या. मी दीड महिना थांबले.

तोवर साध्या पट्टीने नुसत्या चकत्या कापत होते, आणि त्यातच डिसेंबरात ते घडलं. टोक ओंडक्यामागच्या फांदीला टेकलं. आवाज बदलला असं वाटेपर्यंत मशीन वर उसळलं होतं. पुढचा आडवा दांडा माझ्या मनगटावर आपटला, ब्रेक पडला, चेन थांबली. पट्टी हेल्मेटच्या जाळीपासून वीतभर. टोकाच्या वरच्या पाव भागात दात लाकूड कापत नाही, त्यावर चढू बघतो, आणि मग सगळं मशीन तुमच्याकडे येतं. डाइम टिपला हा धोका बराच कमी, कारण तिथे टेकायला जागाच थोडी. पण कोरताना काम टोकानेच करायचं असतं, म्हणून ती पट्टी येईपर्यंत टोक वापरायचं नाही हे मी आधीच ठरवायला हवं होतं. डाव्या हाताचा अंगठा मुठीच्या खालून वळवून घट्ट. तेवढा त्या दिवशी बरोबर होता.

हेल्मेट, कानावरचे मफ, बूट यांत काटकसर करू नका. मशीनचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो. चेनसॉची पँट मिळते, तिच्या थरांत लांब धागे असतात. चेन लागली की ते धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि मशीन जागच्या जागी अडकतं. बायकांच्या मापात मला कुठेच मिळाली नाही. पुरुषांची सगळ्यात लहान घेतली, तीही कंबरेला दोरी बांधून. एप्रिलमध्ये ती घालून अर्धा तास काम केलं की पँट पिळता येते. मी रविवारी सकाळी नऊ ते अकरा एवढंच करते, मध्ये दोनदा थांबून. हाताला मुंग्या यायला लागल्या की तिथेच बंद.

आता धारेबद्दल, कारण नऊ महिन्यांतला निम्मा वेळ तिच्यातच गेला. पहिला महिना मला वाटत होतं आपल्याला जमत नाहीये. मशीन दाबलं तरी कापेना, कट आपोआप डावीकडे वळायचा, धूर यायचा. शेजारचे सुतारकाका रोज कुंपणापलीकडून बघायचे. शेवटी त्यांनी खाली पडलेला भुसा चिमटीत घेतला, चोळला आणि म्हणाले, "हे पीठ आहे. गिरण काढलीस काय?" चेनला धार असली की लाकडाचे छिलके उडतात, बोथट झाली की पीठ पडतं. कट एका बाजूला वळतो, कारण एका बाजूचे दात दुसरीपेक्षा तोकडे झालेले असतात. मग त्यांनी मला कानस धरायला शिकवली. माझ्या चेनला 4 मिमीची गोल कानस, 30 अंशांत, ढकलतानाच कापायचं, ओढताना उचलायची. प्रत्येक दाताला मोजून तीन हात, ना कमी ना जास्त. तीसेक दात. एक बाजू झाली की फिरून दुसरी. दातापुढचा जो ठोंब असतो तो दातापेक्षा 0.65 मिमी खाली हवा, तो कुणी बघतच नाही. दात झिजत जातो, ठोंब तसाच राहतो आणि मग धार असूनही चेन लाकडावर घसरते. काका म्हणाले, "धार लावून झाली की बोलव, मग बघतो तुझं अस्वल." पंधरा दिवस बोलावलं नाही.

धार जाते कशाने? आमच्याकडे मातीने. जांभ्याची तांबडी माती सालीच्या फटींत बसलेली असते, ओढत आणलेल्या ओंडक्याला तर लिंपलेलीच. आता कापायच्या आधी पाइप लावून ओंडका धुते. आंब्यात एक खिळाही निघाला, कुणीतरी कधीकाळी दोरी बांधायला ठोकलेला, आत पूर्ण गिळलेला. पहिली चेन तिथे संपली.

व्हिडिओंतलं बरंच लाकूड पाइन किंवा सीडर असतं, हे लक्षात ठेवा. पांढरा पाइन घनमीटरला 400 किलोच्या आतबाहेर, आपला आंबा 600 च्या वर, माट्टी (ऐन) 800 च्या पुढे. म्हणजे त्यांच्या पाच मिनिटांचं आपल्याकडे पाव तासाचं काम. त्यातल्या त्यात आंबा शिकायला बरा, पण पावसात त्यावर काळीनिळी बुरशी येते आणि भुंगा पोखरतो. फणस माझा आवडता: पिवळाधमक, रेषा सरळ, कट स्वच्छ. ओला असेल तर चीक पट्टीला चिकटतो, रॉकेलने पुसावा लागतो. माडाच्या नादी लागू नका. बाहेर दगड, आत भुसभुशीत, आणि चेन तासाभरात बोथट. (माडाला 2016 मध्ये इथल्या कायद्याने झाडांच्या व्याख्येतूनच काढलं होतं, नंतर परत घेतलं. कोरणाऱ्याच्या नजरेने पहिला निर्णय बरोबर होता.) आणि उभ्या झाडाकडे बघूच नका, परवानगी लागते. गोव्यात पडलेलं लाकूड काही कमी नाही.

पहिली वस्तू अळमी. जगात बहुतेक सगळे अळंबीनेच सुरुवात करतात: वर टोपी, खाली देठ, चार कट. माझ्या अळमीला देठ असा राहिला नाही, ते स्टूल झालं, आणि आई त्यावर बसून नारळ सोलते. दुसरं घुबड. फेब्रुवारीत, डाइम टिपने, डोळ्यांची वर्तुळं एका दमात. आई म्हणाली, "ते तुळशीसमोर नको." ते आता विहिरीच्या पंपावर बसलंय.

घुबडाने शिकवलं ते एवढंच की चेनसॉ आकार काढून देतो, चेहरा देत नाही. पापणी, चोचीची कड यांना ग्राइंडर, शेवटी काकांची पटाशी आणि पॉलिश पेपर. मशीननेच सगळं व्हावं असं वाटत असेल तर निराश व्हाल. बांदोड्याला नागेशीच्या सभामंडपात रामायणाचं लाकडी कोरीवकाम आहे, लहानपणापासून बघतेय. हल्ली मान वर केली की उतरवताना दुखते.

तिसरी मगर. आजोळ दुर्भाटचं. पौषात तिथे माणगें थापणी करतात, चिखलाची मगर घालून तिची पूजा करतात. आडवा ओंडका बघितला की मला तीच दिसायची. फणसाचा सहा फुटी ओंडका, मार्च ते मे. पाठीवरचे खवले टोकाने तिरके कट देत काढले, एकेक रांग, मागून पुढे. पोटाकडून मात्र आधीच गाभ्यापर्यंत एक लांब कट मारून ठेवला. लाकूड केंद्राकडे जेवढं आटतं त्याच्या साधारण दुप्पट गोलाईने आटतं, म्हणून भेग पडणारच. ती कुठे पडावी हे तेवढं आपल्याला सुचवता येतं. टोकांना रंग फासला, वरून जवसाच्या तेलाचे तीन हात.

घ्यायचंच असेल तर आधी कुणाच्या तरी मशीनवर दोन रविवार चकत्या कापा. घर दाटीवाटीच्या वस्तीत असेल तर बॅटरीवरचं बघा, मी ते वापरलेलं नाही. मशीनइतकेच पैसे पट्टी, चाक, चेन, पँट आणि कानसांना बाजूला ठेवा. चेन चार झाल्या माझ्या.

एवढं करूनही मेमध्ये मगरीच्या पाठीवर भेग पडलीच, बोट जाईल एवढी. पोटाचं तिने ऐकलं नाही. आता मामाच्या पडवीत आहे, आणि पावसाच्या ओलाव्याने भेग मिटत नखाएवढी राहिलीय. डिसेंबरात परत उघडेल, तेव्हा लाकडाची पाचर मारून बंद करते म्हटलं. मामा म्हणाला, "कशाला? जुनी मगर वाटते."